दार पडद्यावर आले, कुलूप जुनेच



‘आमचे संकेतस्थळ अपंग व्यक्तींसह सर्वांना वापरता यावे यासाठी आम्ही बांधील आहोत’, अशा अर्थाचे निवेदन आता बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर अगदी तळाशी वाचायला मिळते. निवेदन चांगलेच आहे. पण ते वाचताना मला प्रश्न पडतो की, ज्या बाईसाठी हे लिहिले आहे तिला त्याच संकेतस्थळावर नोकरीचा अर्ज भरता येतो का? नोकरी लागलीच, तर पगाराची पावती स्वतः वाचता येते का? आणि त्रास झाला तर कोणाच्या मध्यस्थीशिवाय तक्रार करता येते का?

काहीजणी म्हणतील, हा संगणकवाल्यांचा विषय, आपल्या अंकात कशाला? चाकणच्या कंत्राटी कामगार बायकांना कायम होण्याची आशा नाही, रात्रपाळीहून घरी जायला बस नाही, लहान मूल ठेवायला पाळणाघर नाही. हे प्रश्न सोडून पडद्यावरच्या बटणांची चर्चा कशी करायची? माझे म्हणणे असे की, या सगळ्या प्रश्नांवर दाद मागण्याची वाटच आता पडद्यावरून जाऊ लागली आहे. पूर्वी कारखान्याचे दार म्हणजे फाटक होते. भोसरीला किंवा पिंपरीला बाई त्या फाटकाशी उभी राहायची, ओळखीपाळखीने आत शिरायची. आज भरतीची जाहिरात, अर्ज, परीक्षा, हजेरी, रजा, पगारपावती सगळे मोबाइलवर गेले आहे. भविष्यनिर्वाह निधीसाठी लागणारा नवा यूएएन क्रमांकसुद्धा ऑगस्ट २०२५ पासून सर्वसाधारणपणे मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनच काढावा लागतो. ज्या बाईला हा पडदा वापरता येत नाही, ती कामगार म्हणून कागदावरच येत नाही.

अंध बाई संगणक वापरते तो ऐकून. स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. एनव्हीडीए ही अशी आज्ञावली २००६ पासून विकसित होत आली आहे आणि ती फुकट मिळते. म्हणजे अडचण पैशाची नाही. अडचण अशी की, संकेतस्थळ बांधणाऱ्याने बटणाला नाव दिले नसेल तर स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो. त्यातले अर्ज पाठवायचे कोणते आणि रद्द करायचे कोणते, हे कळायला मार्ग नाही. वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावणारा कॅप्चा आला की तिथे काम थांबते. कर्णबधिर मुलीला सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची चित्रफीत दाखवतात, पण खाली शब्द उमटत नाहीत. प्रेस मशीनवर हात कुठे ठेवायचा नाही हे तिला कळलेच नाही, तर जाणार तिचीच बोटे. जिच्या हाताला कंप आहे तिला माऊस नेमका धरता येत नाही, तिला सगळे काम कळफलकावरून करता आले पाहिजे. या कशालाही नवा शोध लागायचा नाही. वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत.

आपल्याकडे यात मराठीची एक वेगळी अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेले परिपत्रक डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे नाहीतर चिन्हेच असतात. डोळस वाचकाला ‘रजा’ दिसते, स्क्रीन रीडर मात्र अर्थ नसलेली अक्षरे बडबडतो. युनिकोडमध्ये टाइप केले की हा प्रश्न सुटतो. त्याहून वाईट म्हणजे कागदाचा फोटो. सही-शिक्क्याची नोटीस मोबाइलवर टिपायची आणि कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायची, ही सर्रास पद्धत. त्या फोटोत स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे काही नसते. म्हणून कंपनीची प्रतिज्ञा तपासताना तिचे इंग्रजी मुखपृष्ठ पाहून भागत नाही. ते भागधारकांसाठी आणि ग्राहकांसाठी असते. कामगार बाईच्या वाट्याला येते ती मराठी नोटीस, आणि बांधिलकीचा कस तिथे लागतो.

हा प्रश्न अपंग पुरुषांचाही आहे, यात वाद नाही. पण बाईच्या बाबतीत पुढचा प्रश्न उभा राहतो : तिला स्वतःला वाचता आले नाही, तर वाचून कोण दाखवते? नवरा, भाऊ, सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस. बँकेतून आलेला ओटीपी ज्याच्या डोळ्यांखालून जातो, पैशाचा ताबा त्याच्याकडे जातो. पगार किती झाला हे ज्याला आधी कळते, तो खर्चही ठरवतो. माझ्या ओळखीची एक अंध मैत्रीण म्हणाली, “माझा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ आहे, मला सोडून कोणाला गुपित असते?” मदत करणारे वाईट असतात असे तिचे म्हणणे नव्हते. मदत नाकारण्याची सोयच उरलेली नाही, हे तिचे दुखणे होते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचेच पाहा. तक्रार लेखी द्यायची आणि सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची. जिला लिहिता येत नाही तिला समितीने सर्व ती मदत करावी, असे कायदा म्हणतो. पण समितीत कोण आहे, तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे, हे भिंतीवरच्या फलकावर किंवा न वाचता येणाऱ्या पीडीएफमध्ये असेल, तर मदत मागायची कोणाकडे? ज्याने त्रास दिला त्याच्याच शेजारी बसणाऱ्याला ‘जरा वाचून दाखवता का’ असे विचारायचे? गुप्तता हा त्या कायद्याचा प्राण आहे, आणि अपंग बाईच्या बाबतीत तो पहिल्याच पायरीवर जातो.

आपल्याच पट्ट्यातली एक जुनी गोष्ट यासाठी आठवण्याजोगी आहे. १९७४ साली टेल्कोच्या अभियंता भरतीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. तेव्हा बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. आज त्याच कंपनीच्या पुण्याच्या प्रकल्पात मोटारींची जुळणी करणारी संपूर्ण स्त्रियांची लाइन आहे. २०१६ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात डॉमिनार मोटारसायकलची जुळणी स्त्रियांच्या तुकडीकडे आली. हे बदल कोणी दान दिलेले नाहीत. पण त्या जाहिरातीत नकार निदान शब्दांत छापलेला होता, म्हणून पोस्टकार्ड तरी लिहिता आले. आज कोणतीही कंपनी ‘अंध मुलींनी अर्ज करू नये’ असे छापत नाही. नाव नसलेले एक बटण तेच काम गुपचूप करते. अर्ज पोहोचतच नाही, त्यामुळे नाकारल्याची नोंदही होत नाही. मग अधिकारी सांगायला मोकळे, ‘आमच्याकडे अपंग मुलींचे अर्जच येत नाहीत.’

मुली आहेत. चाकणपासून जवळच आळंदीला अंध मुलींची जागृती शाळा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांत १ कोटी १८ लाख स्त्रिया होत्या. महाराष्ट्रातली एकूण संख्या २९ लाखांच्या वर होती. न नोंदलेल्या वेगळ्याच.

कायदाही आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या जागी २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आला, तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. खासगी कंपन्यांसह प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असे त्याचे २१ वे कलम सांगते. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येईल असे असावे हे ४२ व्या कलमात आहे. सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खासगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०१९ मध्येच संपली. पहिल्या उल्लंघनाला दंड दहा हजार रुपयांपर्यंत. मोठ्या कंपनीला तो किती जाणवणार, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून लढा न्यायालयात गेला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर आपण प्रत्येकीने माहीत करून घ्यावा असा आहे. त्यातल्या एक याचिकाकर्त्या प्रज्ञा प्रसून या अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्री. बँकेत खाते उघडताना, जिवंत व्यक्ती समोर आहे हे सिद्ध करायला पापण्या मिटून दाखवा, अशी अट आली. हल्ल्याने ज्यांच्या पापण्यांची हालचालच हिरावून घेतली त्यांनी काय मिटून दाखवायचे? दुसरी याचिका दृष्टिहीन वकील अमर जैन यांची होती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. पुरुषी हिंसेने जखमी केलेल्या बाईला यंत्राने पुन्हा एकदा दाराबाहेर ठेवले, तो दरवाजा तिने स्वतः न्यायालयात जाऊन उघडायला लावला. हा आपल्या चळवळीचा इतिहास आहे, तो संगणकाच्या पानांत हरवू देऊ नये.

चाकणच्या बाबतीत आणखी एक बाब. मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ग्राहकांसाठीच्या ऑनलाइन विक्रीसह अनेक सेवा अपंगांना वापरता येण्याजोग्या करणे कायद्याने सक्तीचे झाले आहे. तिथे काम करणाऱ्या कंपन्यांकडे ही विद्या आली म्हणायची. मग जर्मनीतल्या ग्राहकाला जे मिळते ते चाकणच्या कामगार बाईला का मिळू नये, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. प्रश्न देशी-परदेशी सगळ्याच कंपन्यांना आहे.

तेव्हा प्रतिज्ञेपुढे काय मागायचे? माझ्या मते निदान एवढे :

१. बांधिलकीच्या निवेदनावर तारीख, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव हवे.

२. नोकरीचा अर्ज, पगारपावती, रजा आणि तक्रार ही चार पाने आधी दुरुस्त व्हावीत. जाहिरातीची पाने नंतर झाली तरी चालतील.

३. मराठी नोटिसा युनिकोडमध्ये, वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात निघाव्यात. चित्रफितींना मराठी शब्दपट्टी आणि सांकेतिक भाषा हवी.

४. तपासणी अपंग व्यक्तींकडून, त्यांत स्त्रियांकडूनही, आणि मोबदला देऊन व्हावी.

५. हे नियम ठेकेदारांनाही लागू व्हावेत. नाहीतर कायम कामगारांची संख्या घटत जाईल आणि प्रतिज्ञा उरलेल्या मूठभरांपुरती राहील.

कामगार संघटनांनी या मागण्या करारनाम्यांत घालाव्यात. आपल्या गटांनीही पत्रके, शिबिरांचे अर्ज, हेल्पलाइनची माहिती याच कसोटीवर लावून पाहावी. ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनाला हारतुरे आणि व्हीलचेअर वाटप होतच असते. यंदा प्रत्येक गटाने त्याआधी एक काम करावे. आपल्या भागातली एक कंपनी निवडावी, एका अंध किंवा कर्णबधिर मैत्रिणीबरोबर बसावे आणि तिला त्या संकेतस्थळावरून नोकरीचा अर्ज भरू द्यावा. आपण माऊसला हात लावायचा नाही. ती कुठे अडली हे लिहून काढायचे आणि तिच्याच सहीने कंपनीला आणि राज्याच्या अपंग आयुक्तांना पाठवायचे. एक प्रत आमच्याकडेही पाठवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.