तिसरा हात

गेले काही वीकेंड इथं काहीच लिहिलं नाही. का म्हणून विचारणाऱ्या दोन-तीन मित्रांना मी "घर बांधतोय" असं सांगितलं, तर लगेच कार्पेट एरिया किती, लोन कुठून घेतलं, पझेशन कधी, अशी सरबत्ती सुरू झाली. तर मंडळी, कार्पेट एरिया साधारण ३१ चौरस फूट. लोकेशन राजूर. घर जुन्या टायरच्या बंडीवर आहे आणि सकाळी त्याची घडी होऊन छातीएवढी पेटी उरते. लोन नाही.

राजूर म्हटलं की लोकांना एकतर जालन्याचा राजूर गणपती आठवतो, नाहीतर अकोले तालुक्यातलं राजूर. आमचं तिसरं. यवतमाळ जिल्हा, वणी तालुका. चुन्याच्या भट्ट्या आणि कोळसा यांचं गाव. आमच्याकडे या दोन्हींपैकी काही नाही, दोन तुकड्यांत विभागलेलं वावर आहे. एका तुकड्यात कापूस आणि तूर, दुसऱ्यात सोयाबीन निघालं की हरभरा. दोन्हीकडे रानडुकरं आणि रोही. म्हणून जागली. म्हणजे रात्री वावरात झोपायचं, खरं तर झोपायचं नाही. बाबा हे माझ्या आठवणीपासून करतात.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी कॅम्परव्हॅनचं वेड आलं होतं. कोकणात जायचं, समुद्रासमोर गाडी लावायची, सकाळी मागचं दार उघडून चहा प्यायचा. माझा काही आक्षेप नाही, मीही पैसे भरून गेलो होतो. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेही चांगलंच. पण त्या ट्रिपच्या तयारीत रात्री व्हिडिओ बघता बघता मला अमेरिकेतले घडीचे कॅम्पर सापडले. टणक भिंतींचे, त्रिकोणी छपराचे. अलायनर हे त्यातलं प्रसिद्ध नाव. गाडीमागं ओढून न्यायची एक चपटी पेटी. छपराचे दोन पल्ले समोरासमोरच्या कडांना बिजागऱ्यांवर बसवलेले. एक वर करायचा, दुसरा त्याला येऊन भिडतो, मग आत आडव्या पडलेल्या दोन त्रिकोणी भिंती उभ्या करून कड्या लावायच्या. झालं घर. आणि व्हिडिओत ते उभं करणारी बाई साठीच्या पुढची, एकटी.

त्यात एक गोष्ट डोक्यात बसली. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाच्या जागी तंबू लावू देत नाहीत, कापडी भिंतींचे कॅम्परही चालत नाहीत. फक्त टणक भिंती. कारण अस्वलं. मी रात्री दोन वाजता हे वाचत होतो आणि त्याच वेळी बाबा कुठं होते, तर दोन बाजूंनी तट्टे, वर ताडपत्री आणि हातात टॉर्च.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या शेजारच्या पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ वाघीण, जिला बाहेरचे लोक अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर धरले गेले होते. ती नरभक्षक होती की नव्हती यावर पुण्या-मुंबईत भरपूर वाद झाले, त्यात मला पडायचं नाही. वाघ वाढलेत, त्यांना जागा पुरत नाही आणि ते चालतात. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला तो हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला वाटेत किती वावरं लागली असतील? त्यातल्या किती वावरांत कोणीतरी ताडपत्रीखाली बसलं असेल?

असो. दिवाळीत रजा जोडून घेतली आणि कामाला लागलो.

बैल विकल्यापासून बंडी गोठ्यात उभी होती. (त्या विक्रीबद्दल आमच्या घरी अजून कोणी मोकळेपणानं बोलत नाही.) तिच्यावर सात बाय साडेचार फुटांची लोखंडी अँगलची चौकट, बारा एमएमचं प्लायवूड, वरून पातळ पत्रा. वणीत वेल्डिंग करून घेतलं. छपराचा एकेक पल्ला भरला पस्तीस किलोच्या आसपास. इंजिनिअरनं हिशोब केला: पल्ला एका कडेला बिजागरीवर आहे, दुसऱ्या कडेला धरून उचलायचं, म्हणजे हातावर निम्माच भार, साडेसतरा किलो. गव्हाचं अर्धं पोतंही नाही. सोप्पं!

हिशोब बरोबर होता. तो फक्त पहिल्या क्षणाचा होता. बंडी आधीच उंच. पल्ला जसजसा वर जातो तशी त्याची कड हाताच्या पलीकडे जाते, मग तुम्ही हात बिजागरीकडे सरकवता. जितका हात आत, तितका जोर जास्त. म्हणजे वर गेल्यावर भार कमी होईल असं वाटतं आणि होतं उलटं, तेही डोक्याच्या वर. शिवाय तुम्ही बंडीच्या एका बाजूला उभे, म्हणजे एकाच कोपऱ्यातून रेटा. पल्ला पिळतो, बिजागरी कुरकुरते.

आणि मग खरी गंमत. पल्ला वर धरलाय, आता त्याला आधार कशाचा? त्रिकोणी भिंतीचा. भिंत कशी उभी करायची? आत जाऊन. आत जायचं तर पल्ला सोडावा लागतो. छपराला भिंत पाहिजे, भिंतीला छप्पर पाहिजे, दोघं एकमेकांची वाट बघत उभे. आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात आणि मी इंटरव्ह्यूमध्ये पोरांना याच्यावर प्रश्न विचारतो. अंगणात दोन्ही हात वर करून उभा असताना मला ते फार जाणवलं. शेवटी आईनं येऊन एका हातानं पल्ला धरला, दुसऱ्या हातात टॉर्च होताच. चाळीस मिनिटांनी घर उभं राहिलं. मी विजयानं बाबांकडे बघितलं.

"तू पुण्याले गेला का मंग हे धरन कोन?"

बस्स. एवढ्या एका प्रश्नावर माझं सगळं डिझाइन उताणं पडलं.

परदेशातले कॅम्पर ही अडचण स्प्रिंग आणि गॅसच्या दांड्यांनी सोडवतात. आपल्या गाडीची डिकी ज्यानं वर राहते तसली दांडी. मीही जुन्या गाड्यांच्या चार आणून लावल्या. पल्ला मस्त वर जायला लागला. बाबांनी बोटानं दांडी दाबून बघितली. "याच्यातला वारा निंगून गेला म्हंजे?" मी म्हटलं, वर्षानुवर्षं जात नाही. ते म्हणाले, गेला तर कोणाच्या डोक्यावर पडेल ते सांग. त्यांचं बरोबर होतं. या दांड्या जुन्या होतात, थंडीत ढिल्या पडतात, आणि मी आणलेल्या मुळातच भंगारातल्या. उचलायला त्यांची मदत घ्यावी; धरून ठेवायचं काम त्यांच्यावर सोडू नये, हा फरक मला पाहिजे होता तेव्हा सुचला नाही.

उपाय बंडीतच होता. बैल सोडल्यावर बंडी पुढं झुकू नये म्हणून दांडीखाली एक लाकूड लोंबतं ठेवलेलं असतं, दांडी वर उचलली की ते आपोआप खाली येऊन जमिनीला टेकतं. बाबांनी तेच छपराच्या पल्ल्याला उलटं लावलं. पल्ल्याच्या आतून दोन लोखंडी टेकू लोंबते. पल्ला वर गेला की ते आपल्याच वजनानं झुलून चौकटीवरच्या खाचेत बसतात. खट्ट असा आवाज आला की हात सोडायचा. वर रेटायला एक टोकाला चिंध्या गुंडाळलेला बांबू. हा टेकू म्हणजे तिसरा हात. त्याच संध्याकाळी बाबांनी एकट्यानं अकरा मिनिटांत घर उभं केलं. मी मोबाईलवर वेळ लावत होतो आणि मदत न करणं मला जमत नव्हतं.

अंगण वेगळं आणि वावर वेगळं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं बंडी वावरात सोडली. आमची जमीन काळी. ओली असली की फुगते आणि पाय ओढते, वाळली की भेगाळते. चौकटीच्या चार कोपऱ्यांना मी खाली सोडायचे पाय लावले होते. रात्री एक पाय चार बोटं रुतला. कापडी तंबूला याचं काही वाटत नाही, तो आपला वाकडा होऊन उभा राहतो. टणक घराला वाटतं. चौकट पिळली, दाराची चौकट तिरकी झाली आणि पहाटे दार आतून उघडेना! मी आत होतो. बाहेर बाबा हसत होते. मला मात्र तेव्हा घाम फुटला होता, कारण वाघापासून वाचायला बांधलेल्या पेटीत माणूस आतच अडकला तर त्या पेटीला काय म्हणायचं? तेव्हापासून प्रत्येक पायाखाली राजूरच्या चुनखडीची रुंद फरशी, चाकांना आधी दगड, मग पाय, मग छप्पर, हा क्रम ठरला. दार बाहेर उघडणारं आणि चौकटीत चांगलं बोटभर सैल. कडी आतून हातमोज्यासकट उघडता येईल अशी मोठी.

आणि मग आमचं खरं भांडण झालं. मला चारही बाजू बंद हव्या होत्या. बाबांना नको होत्या. "मले आयकू आलं पायजे. डुक्कर काय बेल वाजवून येते काय?" जागलीचा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर चालतो. तुरीची सुकी शेंग कशी वाजते, त्यात वारा कोणता आणि डुक्कर कोणतं, हे त्यांना कळतं. पत्र्याच्या पेटीत ते सगळं जातं. म्हणून पूर्वी मचाण असायचं, उंच आणि उघडं. पण मचाण बांधायला तीन माणसं लागतात आणि ते एका तुकड्यात बांधलं की दुसऱ्या तुकड्यातला हरभरा उघडा. शेवटी दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीच्या खिडक्या पाडल्या, बोटाएवढ्या सळ्यांच्या. म्हणजे माझी टणक भिंत काही पूर्ण टणक राहिली नाही आणि त्यांचं उघडं मचाण काही पूर्ण उघडं राहिलं नाही.

हे सगळं ऐकून पुण्यातला एक मित्र म्हणाला, "अरे, पण सोलरचं झटका मशीन लावा ना, झोपायचं कशाला?" लावलंय. तारेला गवत टेकलं की झटका मरतो, बॅटरी चोरीला जाते, आणि कळपातलं एखादं डुक्कर केस जाळून घेऊन पलीकडे जातंच. शिवाय शेतीपंपाची लाइन वर्षानुवर्षं आळीपाळीनं रात्रीची आली. दिवसा वीज द्यायच्या योजना निघाल्यात, त्या पूर्ण होवोत. कुणालाच रात्री वावरात जावं लागू नये, नुकसानीचे पैसे वेळेवर मिळावेत, हे खरं उत्तर आहे आणि त्यावर माझा वाद नाही. पण ते येईपर्यंत माणूस रोज रात्री जातोच आहे, आणि त्याच्यासाठी आपल्या डोक्यात ताडपत्रीच्या पुढचं काही येत नाही. ट्रेकला जाणाऱ्या माझ्यासाठी दोन किलोचा तंबू आहे, कोकणात जाणाऱ्या माझ्यासाठी एसी व्हॅन आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकवतात. शेवटच्या वर्षाच्या चार पोरांनी हे मनावर घेतलं तर माझ्यापेक्षा नक्कीच हलकं आणि स्वस्त काहीतरी करतील. अट एकच घालावी: परीक्षेच्या दिवशी उभं करणारा माणूस एकटा, साठीकडे झुकलेला, दिवसभर राबून आलेला, अंधारात, ओल्या काळ्या जमिनीवर. दुसऱ्यानं हात लावला की नापास.

कारण "एकट्यानं उभं करता येतं" ही जाहिरातीतली ओळ वाटते, स्वातंत्र्याची वगैरे. आमच्याकडे जागलीला पूर्वी दोघं जायचे. बाबा आणि सालगडी, किंवा बाबा आणि काका. सालगडी परवडेना, काका चंद्रपूरला गेले, मी हिंजवडीत. एकट्यानं जायचं हे बाबांनी निवडलेलं नाही. मी हे निघायच्या आदल्या रात्री त्यांना म्हटलं, की एखादं माणूस सोबत घ्या. "कोनाले घेऊ? तुह्या आईले नेऊ काय?" आई आतून म्हणाली, "मी येते म्हनलं त कवा नाई म्हनलं?" त्यावर दोघंही गप्प झाले आणि मी बॅग भरायला लागलो.

आता रात्री साडेनऊला फोन असतो. काल रेंज नीट नव्हती. उजवीकडचा मागचा पाय पुन्हा बसला होता, फरशी बदलून मोठी टाकली म्हणाले. छप्पर किती मिनिटांत झालं विचारलं तर म्हणाले, घड्याळ पाहिलं नाही. मग मागं काहीतरी खट्ट वाजलं, आणि आईचा आवाज आला, की टॉर्च इकडं धरा.