पेनड्राइव्ह राहू द्या, फोल्डर उघडा

दिल्लीत करोल बाग, ओल्ड राजेंद्र नगर, पटेल नगर या पट्ट्यात यूपीएससीसाठी खोली घेऊन राहिलेल्या मराठी मुलामुलींना एक सांगणं आहे. राहता एकाच मजल्यावर. पण एनसीईआरटीच्या पीडीएफचा गठ्ठा द्यायचा झाला, की शेजारच्या कॉटवरच्या मित्राला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता. चढवताना तुमचा डेटा जातो, उतरवताना त्याचा. नाहीतर गफ्फार मार्केटमधून आणलेला पेनड्राइव्ह मजलाभर फिरतो आणि एका लॅपटॉपचा व्हायरस दुसऱ्याला लावत सुटतो.

लॅपटॉपवर पायथन असेल तर यातलं काही करावं लागत नाही. लिनक्सवर तो बहुधा असतोच, विंडोजवर फुकट टाकून घेता येतो. ‘वाटप’ नावाचं नवं फोल्डर करा आणि द्यायच्या तेवढ्याच फाइली त्यात कॉपी करा. विंडोजमध्ये ते फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ लिहिलं आणि एंटर दाबलं, की काळी खिडकी त्याच फोल्डरवर उघडते. तिथं ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर’ ही कमांड द्या. रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान. सर्व्हर ८००० क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतो. फायरवॉलनं परवानगी विचारली तर द्या. दुसऱ्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं की लॅपटॉपचा पत्ता दिसतो, बहुतेक वेळा १९२.१६८ नं सुरू होणारा. त्याच वाय-फायवरच्या मित्रानं मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आधी एचटीटीपी (शेवटी एस नको), मग तो पत्ता, कोलन आणि ८००० टाकलं, की तुमच्या फाइलींची यादी त्याच्यासमोर. सेकंदाला ५ एमबीचा वेग मिळाला तरी २ जीबी सात मिनिटांत उतरतात, आणि इंटरनेटचा एक थेंबही खर्च होत नाही.

पीजीच्या वाय-फायवर कधी कधी पान उघडतच नाही. एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय राऊटरवर केलेली असते. अशा वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट लावा आणि दोघांचीही उपकरणं त्याला जोडा.

आता जे कळकळीनं सांगायचं ते. या सर्व्हरला कुलूप नाही. पासवर्ड नाही, आणि अशा साध्या वापरात मजकूर जातो तो उघडाच. कमांड ज्या फोल्डरमध्ये दिली, ते फोल्डर आणि त्याच्या पोटातलं सगळं, लपवलेल्या फाइलींसकट, त्या वाय-फायवरच्या कुणालाही वाचता येतं. पीजीचं वाय-फाय म्हणजे अख्खी इमारत. आणि तुमच्या ‘डाउनलोड्स’मध्ये काय काय पडलेलं असतं? आधार, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, सही आणि फोटोचे स्कॅन. म्हणून ‘डाउनलोड्स’मध्ये किंवा थेट सी ड्राइव्हवर उभं राहून ही कमांड कधीही देऊ नका, वेगळं फोल्डर करा म्हटलं ते याचसाठी. खऱ्या संकेतस्थळासाठी हा सर्व्हर वापरू नये, असं पायथनच्या अधिकृत माहितीतच बजावलेलं आहे. त्यातल्या त्यात बरं म्हणजे कुठल्या पत्त्यावरून कुठली फाइल मागितली गेली, हे काळ्या खिडकीत ओळीनं उमटत जातं. तिच्याकडे लक्ष ठेवा. अनोळखी पत्ता दिसला तर लगेच बंद करा.

काय वाटायचं याचंही तारतम्य हवं. एनसीईआरटीची पुस्तकं, आर्थिक पाहणी अहवाल, अर्थसंकल्पाची कागदपत्रं सरकारी संकेतस्थळांवर मोफत आहेत. ती आणि स्वतः काढलेल्या नोट्स खुशाल द्या. क्लासची पैसे भरून घेतलेली रेकॉर्डिंगं मात्र वाटू नका. उद्या ज्यांना कायदा राबवायचा आहे, त्यांनी तरी नको.

वाटून झालं की कंट्रोल धरून सी दाबा, सर्व्हर थांबल्याची खात्री करा, आणि मगच चहाला खाली उतरा.