याद्या सोडा, दिग्दर्शक धरा

वाचनालयाच्या खिडकीशी आलेला वाचक पुस्तकाचं नाव क्वचितच सांगतो, तो लेखकाचं नाव सांगतो. "धारपांचं काही आलंय का?" "गौरी देशपांड्यांचं हे झालं, आता दुसरं द्या." शिरवळकरांचा वाचक तर चौकशीही करत नसे, तडक त्या कपाटापाशी जाऊन उभा राहायचा. मिरजेत माझा सगळा जन्म ग्रंथपाल म्हणून गेला, पण "जगातली सर्वोत्तम शंभर पुस्तकं द्या" म्हणणारा माणूस काही मला भेटला नाही. मग हीच शहाणी माणसं परदेशी सिनेमा बघायचं ठरवतात तेव्हा त्यांना यादी का लागते?

आणि यादी तरी कोणती? सगळ्यात मान्यवर समजली जाते ती 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकाची. दर दहा वर्षांनी ते समीक्षकांचा कौल घेतं. 1952 साली पहिला आला 'बायसिकल थीव्हज'. त्यानंतर 1962 पासून 2002 पर्यंत प्रत्येक वेळी 'सिटिझन केन'. 2012 मध्ये हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ढकललं आणि 2022 मध्ये शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा 1975 सालचा 'जान डिलमन' सगळ्यांच्या वर जाऊन बसला. तो बातमीत आला आणि माझ्या भाच्याने हौसेने लावला. तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा. ब्रसेल्समधली एक विधवा अंथरुणं आवरते, बटाटे सोलते, दुपारी ठरल्या वेळी गिऱ्हाईक घेते, मुलाला जेवायला वाढते. भाचा बटाट्यांच्या पुढे गेला नाही. "मावशी, हे जगात पहिलं?" असं त्याने विचारलं, आणि तेव्हापासून 'वर्ल्ड सिनेमा' म्हटलं की तो हात जोडतो. सिनेमा थोरच आहे, याबद्दल मला शंका नाही. पण अनोळखी गावात शिरताना सगळ्यात उंच चढण आधी चढायला लावणारा वाटाड्या मूर्खच म्हणायचा.

म्हणून माझं सांगणं एवढंच : देश मोजू नका, पारितोषिकं मोजू नका, एक दिग्दर्शक धरा आणि त्याचे तीन-चार सिनेमे ओळीने बघा. पहिला थोडा परका वाटेल. दुसऱ्यात त्याच्या खोडी कळतील. तिसऱ्यात तुम्ही आधीच हसायला लागाल. सबटायटल्सचा त्राससुद्धा तोवर निम्मा होतो, कारण माणसं कशी बोलतात, कुठे गप्प बसतात, हे ओळखीचं झालेलं असतं.

याचा सगळ्यात चोख पुरावा इराणच्या अब्बास किआरोस्तामींनी ठेवला आहे. रविवारी आमच्या घरी आठ-दहा शेजारी जमतात, लॅपटॉप टीव्हीला जोडतो, पोहे किंवा उपमा होतो आणि एक सिनेमा. तिथे आम्ही त्यांचे तीन सिनेमे लागोपाठ लावले. उत्तर इराणमधल्या कोकेर या खेड्याभोवतीचे हे तीन, म्हणून जग त्यांना कोकेर त्रयी म्हणतं.

पहिला 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?', 1987 सालचा. शाळेतला एक पोरगा गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर करून आणतो. गुरुजी कागद फाडतात आणि दम देतात, की पुन्हा असं झालं तर शाळेतून नाव काढीन. घरी आल्यावर अहमद या त्याच्या वर्गमित्राला कळतं, की त्याची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. दोन्ही वह्या अगदी सारख्या. आता वही पोचवली नाही तर उद्या मित्राची धडगत नाही. मित्र राहतो पोश्ते या शेजारच्या गावात, घर माहीत नाही. आई धुणं वाळत घालतेय. अहमद सांगतो, वही द्यायला हवी. आई म्हणते, गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. ती म्हणते, बाळाला झोका दे, पाणी आण, पाव घेऊन ये. तिचं ऐकून न ऐकणं आणि त्याचं तेच वाक्य नव्याने सुरू करणं इतका वेळ चालतं, की आमच्या शेजारच्या काकू न राहवून टीव्हीलाच म्हणाल्या, "अगं बाई, ऐक की जरा त्याचं!"

पोरगा पाव आणायच्या निमित्ताने पळतो. टेकडीवर एकच झाड आणि वर जाणारी नागमोडी पायवाट. परत आल्यावर वाटेत आजोबा अडवतात आणि सिगारेट आणायला पिटाळतात. सिगारेटी त्यांच्या खिशातच असतात, पण पोराला वळण लागायला हवं ना! शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ते ऐकवतात, की आपले वडील दर आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि पंधरवड्याला एकदा मार द्यायचे. नाणं द्यायला ते कधी कधी विसरत, मार द्यायला कधीच विसरले नाहीत. राजकारणाचा एक शब्द न काढता सत्ता घरात कशी राहते हे इतक्या थोडक्यात दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पुढे लाकडी दारं-खिडक्या करणारा एक वाकलेला म्हातारा सुतार अंधारात अहमदला सोबत करतो, सावकाश, दम खात, आपण घडवलेली खिडकी न् खिडकी दाखवत. गावात लोखंडी दारं आली आहेत आणि त्याच्या कामाला आता कुणी विचारत नाही.

सिनेमा संपल्यावर आमच्यातले औषध दुकानवाले म्हणाले, "मॅडम, गोड आहे हो, पण एका वहीसाठी एवढं?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी या.

21 जून 1990 च्या मध्यरात्री त्याच भागात मोठा भूकंप झाला. 35 हजारांहून अधिक माणसं गेली. किआरोस्तामी आपल्या सिनेमातली ती पोरं जिवंत आहेत का, हे बघायला निघाले आणि त्या शोधावर त्यांनी 1992 साली 'अँड लाइफ गोज ऑन' केला. यात एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला गाडीत घालून कोकेरकडे निघतो. रस्ते खचलेले. हातात जुन्या सिनेमाचं भित्तिपत्रक, त्यावर अहमदचा चेहरा; दिसेल त्याला तो विचारतो, या मुलाला पाहिलंत का? आणि वाटेत भेटतो कोण? तोच सुतार म्हातारा. आता तो वाकलेला नाही. तो तक्रार करतो, की तुमच्या लोकांनी मला पाठीवर कुबड लावून आहे त्यापेक्षा म्हातारा केलं, ही कसली कला? मग जे घर तो आपलं म्हणून दाखवत असतो, तेही आपलं नव्हे, हे तो सांगून टाकतो. सिनेमावाल्यांनी दिलंय ते, एरवी मी तंबूत राहतो!

औषध दुकानवाले उठून उभेच राहिले. "अहो, हा तर आपला दारवाला!" ते 'आपला' ऐकलं आणि मला माझं सगळं म्हणणं सिद्ध झाल्यासारखं वाटलं. ज्याने पहिला सिनेमा पाहिलेला नाही, त्याला इथे फक्त एक बडबड्या म्हातारा दिसतो. दुसरा एक गडी भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी लग्न केल्याचं सांगतो. तिसरा मातीच्या ढिगाऱ्यांपलीकडे अँटेना उभारतोय, कारण फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. घरातली माणसं गेली आहेत आणि तो सामना बघणार आहे. दिग्दर्शकही त्याला नावं ठेवत नाही आणि आपणही.

तिसरा 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज', 1994 सालचा. त्या नवविवाहित जोडप्याचा प्रसंग कसा चित्रित झाला, याचीच ही गोष्ट. नवऱ्याचं काम करणारा होसेन गवंडी आहे, बायकोचं काम करणाऱ्या ताहेरेवर तो खरोखरच जीव टाकतो आणि ती त्याच्याशी अक्षर बोलत नाही. याला घर नाही, म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिलेला. कॅमेऱ्यासमोर नवरा-बायको, कॅमेरा थांबला की अबोला. पुन्हा टेक, पुन्हा चूक. नातलग किती गेले, या प्रश्नाला लिहून दिलेला आकडा पासष्ट आणि होसेन पुन्हा पुन्हा पंचवीस म्हणतो, कारण त्याचे खरोखर पंचवीसच गेलेले. दुसऱ्या सिनेमात ज्यांचा शोध लागला नव्हता ती पोरंही इथे फुलांच्या कुंड्या घेऊन सेटवर हजर होतात. कुणी ओळख करून देत नाही, आपणच ओळखायचं. आम्ही ओळखलं. त्या रविवारी उपमा गार झाला.

किआरोस्तामींनंतर वाट आपोआप जाफर पनाहींकडे जाते. ते या तिसऱ्या सिनेमात सहायक होते आणि त्यांच्या 'द व्हाइट बलून'ची पटकथा किआरोस्तामींचीच. 2010 साली सरकारने त्यांना सहा वर्षांची कैद सुनावली आणि वीस वर्षं सिनेमा करायला बंदी घातली. त्यांनी घरातच 'धिस इज नॉट अ फिल्म' केला, मग टॅक्सीत कॅमेरा लावून 'टॅक्सी' केला, आणि 2025 मध्ये 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट'ला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक घेतलं. नुसता हा शेवटचा बघितलात तरी आवडेल. पण 'द व्हाइट बलून'मधल्या सोनेरी माशासाठी हट्ट करणाऱ्या पोरीपासून इथवर चालत आलात, तर राग कसा साठत जातो ते दिसेल.

दुसरं नाव जपानच्या यासुजिरो ओझूंचं. त्यांची पद्धत ठरलेली : कॅमेरा जमिनीलगत, जवळजवळ न हलणारा, माणसं समोर बघून बोलतात, बापाच्या कामाला बहुतेक वेळा चिशू र्‍यू. गोष्टही फिरून फिरून तीच, मुलीचं लग्न आणि मागे राहिलेलं माणूस. 1949 च्या 'लेट स्प्रिंग'मध्ये मुलगी लग्न करायला तयार व्हावी म्हणून विधुर बाप आपण दुसरं लग्न करतोय असं खोटंच सांगतो. मुलीच्या भूमिकेत सेत्सुको हारा. अकरा वर्षांनी 'लेट ऑटम'मध्ये पुन्हा तोच पेच, फक्त बापाच्या जागी विधवा आई, आणि आई कोण, तर तीच सेत्सुको हारा. एकच सिनेमा पाहणाऱ्याला ही गंमत कशी कळणार?

मधला 1953 चा 'टोकियो स्टोरी' मराठी घरांना तर सांगायलाच नको. ओनोमिची गावाहून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे येतात. डॉक्टर मुलाला पेशंट, पार्लर चालवणाऱ्या मुलीला गिऱ्हाइकं. नवऱ्याने आईवडिलांसाठी महागाचा केक आणला म्हणून मुलगी त्यालाच बोलते. पुढे आईची तब्येत गंभीर झाल्याची तार येते, तेव्हा निघताना सुतकाचे कपडे बरोबर घ्यायचे का, यावर भावा-बहिणीची बोलणी होतात. आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणात ती आईचा किमोनो मागून मोकळी होते. आपल्या पडद्यावर अशी मुलगी खलनायिका ठरली असती आणि शेवटी तिने पाय धरले असते. ओझू तिला काहीही करत नाहीत. ती वाईट नाहीच, ती घाईत आहे. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत ती आहे.

आणखी नावं हवी असतील तर फिनलंडचे आकी काउरिस्मॅकी आणि बेल्जियमचे दार्देन बंधू. 'पॅरासाइट' पाहिलाय तेवढ्यावर थांबू नका. बाँग जून-हो यांचे 'मेमरीज ऑफ मर्डर' आणि 'मदर' मला त्याहून मोठे वाटतात. रशियन दिग्दर्शक तारकोव्स्कींचे भक्त माझ्यावर रागावतील, पण त्यांच्या वाटेला मी कुणालाही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाआधी पाठवणार नाही.

शेवटी दोन शब्द महोत्सववाल्यांना आणि फिल्म क्लबवाल्यांना. पुण्याच्या महोत्सवात मी जाते. दिवसाला चार-पाच सिनेमे, पाच देश, रात्री डोक्यात नुसता काला. तिथे शहाण्याने सिंहावलोकन विभाग शोधावा आणि एकाच दिग्दर्शकापाशी मुक्काम ठोकावा. गावोगावच्या क्लबांनीही वर्षाला बारा देश फिरवून आणण्यापेक्षा तीन दिग्दर्शकांचे चार-चार सिनेमे दाखवावेत, सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत गोष्ट सांगावी आणि जमलं तर मराठी सबटायटल्स करून घ्यावीत. इंग्रजी भराभर वाचता येत नाही, एवढ्यावरून आमच्या काकूंसारखे किती प्रेक्षक दाराबाहेर राहतात!

तोवर तुम्ही घरी सुरुवात करा. 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' दीड तासाच्या आतला आहे. फक्त सकाळी लावा. रविवारी जेवून बसलात तर डोळा लागतो आणि दोष बिचाऱ्या किआरोस्तामींच्या माथी येतो.