कपाटातला संगणक आणि वस्तीचा हक्क

मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन तालुक्यांतील वाडी-तांड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा आता कोणाची उरली आहे? ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने आपले पोर केव्हाच पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी शाळेत धाडले. मागे राहिली ती ऊसतोड कामगाराची, सालगड्याची, मोसंबीच्या बागेत रोजंदारीवर राबणाऱ्या मायबापांची मुले. एक-दोन शिक्षक, चार वर्ग, वीस-पंचवीस पट. म्हणूनच या शाळेत संगणक कसा यावा आणि कसा टिकावा, हा प्रश्न आम्ही चळवळीचा प्रश्न मानतो.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाले आणि गावोगाव शाळा 'डिजिटल' झाल्याचे फलक लागले. प्रोजेक्टर आले, टीव्ही आले. पण अनेक ठिकाणी पैसा कोणाचा होता? लोकवर्गणीचा! शेतकऱ्याच्या घामातून तिजोरी भरते आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गाकडे वळतो, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे मांडली होती. आज त्याच शेतमजुराने कर भरून वर पुन्हा वर्गणीही द्यायची!

यंत्र आले तरी ते चालवायचे कशावर? तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान. त्यातच खडू, स्वच्छता, डागडुजी आणि विजेचे बिल. बिल थकले की जोडणी तुटते आणि संगणक कपाटात जातो. महाडच्या सत्याग्रहाला आठवडा उरला असताना, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात दाखवून दिले होते की शाळेत आलेल्या शंभरांपैकी अठराच मुले चौथीपर्यंत पोहोचतात; बाकीच्यांवरचा खर्च वाया जातो, म्हणून खर्च वाढवा. कपाटातल्या संगणकाचा हिशेब याहून वेगळा नाही.

आता नवे निमित्त मिळाले आहे. विंडोज १० ला कंपनीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बहुधा चढत नाही. पुरवठादार म्हणेल, भंगारात काढा, नवे घ्या. आमचे म्हणणे असे की आधी लिनक्स घालून पाहा. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली मोफत आहे, तीत मराठी आहे. केरळने २००१ साली 'आयटी अॅट स्कूल' सुरू केले आणि पुढे सरकारी शाळांचे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. परवान्याचा पैसा वाचला, शिक्षकांना प्रशिक्षणही मिळाले. लांब कशाला जायचे? कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाडा ही एकशिक्षकी शाळा. २००७ साली तिथल्या मुलांच्या हाती मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे छोटे लॅपटॉप पडले. शाळा लहान आहे म्हणून तिथे खर्च नको, हे आम्हाला सांगू नका. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हाही हाच सूर होता.

शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. चार वर्ग सांभाळून त्याने यू-डायस भरायचे, सरलची माहिती भरायची, तीही बहुधा स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या रिचार्जवर. संगणक दुरुस्त करायला तो कुठून वेळ काढणार? म्हणून केंद्रातल्या आठ-दहा शाळांमागे एक दुरुस्ती जाणणारा माणूस जिल्हा परिषदेने नेमला पाहिजे. आमच्या वस्तीत आयटीआय झालेली पोरे रिकामी बसली आहेत.

हे मागायचा अधिकार आपल्याला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांचे पालक त्यांच्या प्रमाणात हवेत. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि तोच अनुदानाचा आधार असतो. पण होते काय? आराखडा कार्यालयातून भरून येतो आणि आमच्या आयाबाया 'इथे सही करा' म्हटले की अंगठा उठवून मोकळ्या होतात! चौदा एप्रिलच्या डीजेसाठी घरटी वर्गणी गोळा करणारे आमचे तरुण या सभेला फिरकतही नाहीत, हेही आम्ही लिहिलेच पाहिजे.

आराखडा तीन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी वीज आणि छतावर सौर पट्ट्या, जुन्या यंत्रांची दुरुस्ती, ई-बालभारतीची पुस्तके आणि मराठी विकिपीडिया इंटरनेट नसतानाही वाचता येईल असे उतरवून ठेवणे. नवी खरेदी त्यानंतर. ऊसतोडीवर गेलेले पोर परतले की त्याचा मागे पडलेला धडा त्याच पडद्यावर पुन्हा दाखवता येईल. पुढच्या सभेला जाताना मागील आराखड्याची प्रत, साहित्य नोंदवही आणि वर्षभराची वीजबिले मुख्याध्यापकांकडे लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.