परभाषेच्या गावी

दिवाळी आटोपली की आपल्या समाजात प्रवासाचे बेत ठरू लागतात. कोणी मुलाकडे दुबईला निघते, कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिका गाठते, कोणी मित्रपरिवारासह थायलंडची सहल आखते. आम्ही उभयतांनी यंदा भामरागडचा प्रवास केला. चंद्रपूरहून हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आत आहे. पासपोर्ट लागत नाही, चलन बदलावे लागत नाही. तरीही तेथे पोहोचल्यावर, शेजारी बसलेल्या माणसांचे बोलणे आपल्याला अवाक्षरही कळत नाही, हा परदेशातला अनुभव आम्हाला पुरेपूर आला.

बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी मागे टाकून आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. आलापल्लीपासून सागाचे घनदाट वन सुरू होते आणि पुढचा सारा रस्ता त्याच्याच सावलीतून जातो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. या परिसरात मुख्यत्वे माडिया गोंड राहतात. त्यांची माडिया ही गोंडीचीच एक बोली. आणि गोंडी ही तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्याप्रमाणे द्रविड कुळातील भाषा. मराठीशी तिचे रक्ताचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अद्याप स्थान नाही.

या भागात आमचे एक स्नेही दांपत्य गेली दोन वर्षे राहत आहे. सर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, वहिनी प्राथमिक शिक्षिका. निवृत्तीनंतर चंद्रपूरचे घर बंद करून दोघे येथे भाड्याच्या दोन खोल्यांत आले आणि जवळच्या एका आश्रमशाळेत विनामोबदला इंग्रजी शिकवू लागले. आमचा मुक्काम तीन दिवसांचा होता. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमचा नियम वहिनींना ठाऊक असल्यामुळे पाचच्या सुमारास पाने वाढली जात. मग अंगणात बसून गप्पांना रात्र मोकळी मिळे. त्या गप्पांतून आणि वर्गात मागच्या बाकावर बसून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आपले मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते तेव्हा त्याला फक्त अक्षरे शिकायची असतात. भाषा ते घरून घेऊन येते. माडिया मुलाच्या पुढ्यात मात्र एकाच वेळी दोन परभाषा येतात. मराठी ही त्याच्या शाळेची भाषा, पण घरची नव्हे. त्यातच २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सक्तीची झाली आहे. गुरुजी काय म्हणतात हे कळत नाही, आणि आपल्याला कळले नाही हे सांगायलाही शब्द नाहीत, अशा कोंडीत मूल गप्प होते. त्या गप्प बसण्याला पुष्कळदा ‘मंद’ असे नाव पडते. मग एके दिवशी ते मूल शाळेकडे पाठ फिरवते आणि त्याची नोंद ‘गळती’ या रकान्यात होते.

आमच्या स्नेह्यांनी येथे आल्यावर पहिले सहा महिने स्वतः माडिया शिकण्यात घालवले. त्यांची शिक्षक होती वर्गातली मुलेच. सर फळ्यावर चित्र काढत, मुले शब्द सांगत, सर तो उच्चारून पाहत आणि उच्चार चुकला की वर्ग खदखदून हसे. “मास्तरही चुकतो आणि चुकल्यावर कोणी मारत नाही, हे एकदा मुलांना दिसले की त्यांची जीभ मोकळी होते,” असे सर म्हणाले. आम्ही गेलो तेव्हा त्यांचे बोलणे अजून अडखळतच होते, पण वर्गात एकही मूल गप्प नव्हते.

वहिनींनी एक गोष्ट समजावून दिली, ती मला फार महत्त्वाची वाटते. मराठी बोलताना ही मुले लिंगात हमखास घोटाळा करतात. ऐकणाऱ्याला तो अडाणीपणा वाटतो. प्रत्यक्षात गोंडीचे व्याकरणच निराळे आहे. तेथे पुरुष एका वर्गात. स्त्रिया, पशुपक्षी, झाडे आणि वस्तू हे सारे दुसऱ्या वर्गात. ‘आई आली’ आणि ‘गाय आली’ या वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच. अशा मुलाने ‘तो डोंगर, ती नदी, ते झाड’ हे कोणत्या तर्काने ओळखावे? गंमत अशी की इंग्रजीचा भूतकाळ याच मुलांना मराठीपेक्षा सोपा जातो, कारण तेथे ‘ही’ असो, ‘शी’ असो वा ‘इट’, पुढे ‘केम’च येते. फक्त ‘शी’ आणि ‘इट’ वेगळे ठेवायला शिकवले की काम झाले. मुलाच्या भाषेचा नियम जाणणाऱ्या शिक्षकाला नेमके काय शिकवायचे ते कळते. न जाणणारा नुसता रागावत राहतो.

दुसऱ्या दिवशीचा पाठ झाडांवर होता. सरांनी खिडकीतून दिसणाऱ्या सागाकडे बोट करून विचारले, याला काय म्हणता? मुले म्हणाली, “टेका!” सरांनी त्याखाली तेलुगू ‘टेकू’ लिहिले आणि त्याखाली इंग्रजी ‘टीक’. हा इंग्रजी शब्द मूळचा दक्षिण भारतातल्या द्रविड भाषांचा. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून तो युरोपात गेला. आपल्या घरचाच शब्द साता समुद्रापार जाऊन पुस्तकात बसला आहे, हे ऐकल्यावर त्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. ‘ॲपल’ न पाहिलेल्या मुलाला इंग्रजीच्या दारात आणण्याची ही वाट मला अधिक योग्य वाटली.

हा विचार या भूमीला नवा नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रुग्णांशी बोलण्यासाठी प्रथम माडिया शिकावी लागली. १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली. तिच्यातून डॉक्टर, शिक्षक, वकील घडले. याच प्रकल्पाने २०१५ पासून नेलगुंडा या दुर्गम गावी इंग्रजी माध्यमाची शाळा चालवली आहे. उलट धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. वरवर पाहता या दोन दिशा परस्परविरोधी वाटतात. एका गावाला इंग्रजी हवी, दुसऱ्याला स्वतःची भाषा. मला मात्र त्यात एकच मागणी दिसते: आमचे मूल मुके राहू नये.

इंग्रजीची निकड मी नाकारत नाही. बँकेतील नोकरीच्या काळात कितीतरी आदिवासी खातेदारांनी इंग्रजी छापील कागदावर, आत काय लिहिले आहे हे न वाचता, अंगठा उमटवताना मी पाहिले आहे. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून ती भाषा त्या मुलांना यायलाच हवी. प्रश्न आहे तो क्रमाचा. शिक्षण हक्क कायदा, २००९ आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० हे दोन्ही, शक्य तेथे सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेतून द्यावे, असेच सांगतात. भांडवल घरचे असेल तर कर्ज पेलते. भाषेचा हिशेबही याहून निराळा नाही.

आपल्या व्यापारी समाजाला हे वेगळे सांगावे लागू नये. अहेरी, आलापल्ली, चामोर्शीच्या आठवडी बाजारात दुकान मांडणारे आपले वाडवडील कोणत्याही शाळेत न जाता ‘उंदी, रंड, मूंद’ असे गोंडीत मोजायला शिकले. घरात मारवाडी किंवा गुजराती, चोपडीत महाजनी लिपी, कचेरीत मराठी आणि गिऱ्हाइकाशी गोंडी वा तेलुगू, असा त्यांचा व्यवहार होता. नवी भाषा आली म्हणून त्यांनी घरची टाकली नाही. आज आपली नातवंडे उत्तम इंग्रजी बोलतात, पण आजीने सांगितलेली गोष्ट त्यांना अर्धीच कळते आणि ‘एकोणसत्तर’ म्हटले की ती मोबाइलकडे पाहतात. भामरागडच्या मुलाला घरची भाषा शाळेत मिळत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत ती घरातच मिळेनाशी झाली आहे.

निघताना मी सरांना विचारले, समाजातर्फे काय पाठवू? वह्या आणि दप्तरे पुष्कळ येतात, असे ते म्हणाले. त्यांची निकड वेगळी आहे. गावातली बारावी झालेली एखादी माडिया मुलगी वर्षभर वर्गात मदतनीस म्हणून ठेवायची, तर तिचे मानधन हवे. आणि मुलांनी सांगितलेल्या गोष्टी माडिया, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापायच्या, तर छपाईचा खर्च हवा. दान देताना आपण पावती जपून ठेवतो. तेवढ्याच काळजीने समोरच्याची गरजही विचारून घ्यावी. ज्यांच्या मनात यंदा शिक्षणासाठी काही देण्याचे असेल, त्यांनी आपल्या जवळच्या आश्रमशाळेत जाऊन एवढेच विचारावे, की पहिलीच्या वर्गात मुलांची भाषा जाणणारे कोणी आहे का. नसेल, तर देणगीची सुरुवात तेथून करता येईल.