समुपदेशकाच्या पाटीपलीकडे

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयाला हाती घ्यावा लागला, ही गोष्ट शिक्षण खात्यांना भूषणावह नाही. एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या आणि योग्य कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरविल्या. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सरकारदरबारी नोंद आहे. तेव्हा न्यायालयाने घाई केली, असे कोणी म्हणणार नाही.

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतील सर्वांत सुटसुटीत सूचना. तिचे पालन कागदोपत्री दाखविणेही तितकेच सोपे : एक खोली, एक पाटी, एक नेमणूक. परंतु गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये, शिक्षक-शिक्षकेतरांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही न्यायालय सांगते. म्हणजे जबाबदारी साऱ्या शाळेची आहे. मूल गप्प गप्प राहू लागले, डबा तसाच परत नेऊ लागले, हे प्रथम ध्यानात येते ते वर्गशिक्षकाच्या, क्वचित शिपायाच्या. समुपदेशकाकडे ते पोचते त्यानंतर, पोचलेच तर.

या वर्गशिक्षकाला मान वर करायला सवड आहे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोन. त्यांनीच सारे वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची. अशा शाळेला समुपदेशक मिळणार नाही. तिने बाहेरच्या तज्ज्ञाशी संधान बांधावे, एवढीच अपेक्षा आहे. तालुक्याच्या गावीही असा तज्ज्ञ विरळा.

याच २००९ च्या कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक छळापासून संरक्षण देते. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावण्यास मनाई करते. पहिल्याचा भंग करणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. दुसऱ्याच्या भंगाला त्या कायद्यात शिक्षाच नाही. त्रासलेल्या शिक्षकाचा त्रास अखेर वर्गातच उतरतो, हे मात्र दोन्ही कलमे एकत्र वाचल्याशिवाय उमगत नाही.

सूचनांच्या अंमलबजावणीवर देखरेखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमावयाच्या आहेत. शिक्षकांच्या कामाचा बोजा त्यांनी विचारात घ्यावा, ही अपेक्षा रास्तच. अडचण इतकीच, की मतदारयाद्यांच्या कामावर शिक्षकांना धाडणारे जिल्हा निवडणूक अधिकारी तेच आहेत.