मार्गशीर्षांतील उधाण

नारळी पौर्णिमा झाली कीं समुद्र शांत झाला, असें आम्ही घाटावरचे लोक पंचांग पाहून ठरवून टाकतों. कोंकणच्या किनाऱ्यावरील मनुष्य इतका निश्चिंत नसतो. आषाढांतील तुफानाची त्याची तयारी झालेली असते: होडी वाळूवर ओढून झांकलेली, पश्चिमेच्या पडवीस झाप बांधलेले, सरपण माळ्यावर चढलेलें. हिंवाळ्यांतील वादळ मात्र त्यास उघड्यावर गांठतें. त्या दिवसांत होड्या खोल समुद्रांत, मासळी उन्हांत वाळत, पेंढ्याची उडवी घराशेजारीं, आणि आंब्याचा मोहोर फुटण्याच्या बेतांत.

असें वादळ नवें नव्हे. नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईस त्याचा तडाखा बसला होता. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आलें, आणि रत्नागिरीकडील कित्येक दर्यावर्दी घरीं परतले नाहींत. परंतु आज आम्हांस लिहावयाचें आहे तें २०१७ सालच्या 'ओखी'विषयीं. हें नांव बांगला देशानें सुचविलेलें. बंगालींत त्याचा अर्थ डोळा, म्हणजे आपल्या संस्कृत 'अक्षि' शब्दाचाच हा वंशज. वादळास इतकें नाजूक नांव कां द्यावें, हें आम्हांस उमगत नाहीं.

२९ नोव्हेंबर रोजीं लंकेजवळ जें केवळ कमी दाबाचें क्षेत्र होतें, त्याचें दुसऱ्याच दिवशीं कन्याकुमारीच्या समुद्रांत चक्रीवादळ झालें. चार-चार दिवसांची शिधासामग्री घेऊन निघालेल्या नावांस परतण्यास अवधि कोठला? पुढें ३ डिसेंबरला दत्तजयंती. म्हणजे पौर्णिमेची मोठी भरती, आणि तींत वादळानें उठविलेल्या लाटांची भर.

मालवणजवळचें देवबाग हें गांव नकाशावर पाहावें. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, मध्यें माडांची चिंचोळी पट्टी. अशा ठिकाणीं उधाणाच्या रात्रीं घरांतील वडील माणसें झोंपत नाहींत. बायका तांदळाचें पिंप, कपड्यांची पेटी, मुलांचीं दप्तरें उंचावर चढवितात. विहिरींत खारें पाणी शिरेल म्हणून हंडे, कळशा, पातेलीं, जें हातीं लागेल तें गोड्या पाण्यानें भरून ठेवितात. एकदां खारावलेली विहीर पुनःपुन्हां उपसावी लागते, आणि तोंवर दुसऱ्याच्या दारीं पाण्यास जाणें आलें. गोठ्यांतील दावीं सोडून गुरें उंचवट्यावर नेतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतोच. परंतु पहांटेच्या मतलई वाऱ्याची वेळ चुकली, कीं जुना तांडेल बावट्याची वाट पाहत नाहीं. ज्या घरचा पुरुष समुद्रावर असतो, त्या घरांत त्या दिवशीं चूल पेटते ती मुलांपुरती.

ह्या वादळांतून केरळच्या ६६ व तमिळनाडूच्या २ नावा ९५२ माणसांसह सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास सुखरूप लागल्या. त्यांची बोली मल्याळी-तमिळ, किनाऱ्यावरची मालवणी. तरी भिजलेल्या माणसास काय हवें असतें, हें समजावयास दुभाष्या लागत नसावा. दक्षिणेकडील पुष्कळ घरीं मात्र कोणी परतलें नाहीं.

येथें नाशकांत त्याच सुमारास पाऊस झाला. आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, समुद्र तर घाटाखालीं आहे, मग हा पाऊस कोणाचा?" आम्हीं त्यास सांगितलें कीं, चक्रीवादळाचे ढग शेंकडों मैल पसरतात, पावसाळा संपल्यावरही डिसेंबरपर्यंत समुद्राचें पाणी ऊबदार असतें, आणि तीच ऊब वादळाचें अन्न होय. इकडे ऑक्टोबरांत छाटलेल्या द्राक्षवेलींवर घड धरलेले होते. दिंडोरी-निफाडकडील बागाईतदार डावणीच्या भीतीनें औषधाचे फवारे मारीत होते; तिकडे देवगडचा बागाईतदार मोहोरावर तुडतुडा व भुरी पडेल म्हणून आभाळाकडे पाहत होता.

५ डिसेंबरच्या रात्रीं वादळ सुरतेच्या किनाऱ्यापाशीं विरून गेलें. समुद्र निवळल्यावर आश्रयास आलेल्या नावा दक्षिणेकडे निघाल्या, आणि किनाऱ्यावरच्या बायका भिजलेली मासळी पुन्हां वाळत घालूं लागल्या.